कंपनीचं कोड ऑफ कंडक्ट हातात पडलं की नेमकं काय करायचं: लोटे, महाड, जयगडला लागणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी

दरवर्षी जून-जुलैला नात्यातली, गावातली चार-पाच मुलं तरी लोट्याला, महाडला नाहीतर थेट पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीत लागतात आणि पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून पंधरा-वीस कागदांवर सह्या घेतल्या जातात. पीएफचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, मेडिकल, आणि त्यातच कुठेतरी एक इंग्रजी पुस्तिका असते, तीच कोड ऑफ कंडक्ट, म्हणजे कंपनीत कसं वागायचं याचे नियम, आजकाल तर नुसती लिंक येते आणि खाली ‘मी वाचलं, मला मान्य आहे’ यावर टिक करायची असते. वाचत कोणीच नाही. मी पण वाचलं नव्हतं. पुढे स्टोअर आणि मग परचेसला मिळून अठरा वर्षं काढली तेव्हा कळलं की त्या पुस्तिकेतल्या चार-पाच पानांवर माणसाची नोकरी टिकते किंवा जाते.

बहुतेकांना वाटतं हे पुस्तक कंपनीला माणूस काढायला सोपं जावं म्हणून असतं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुमच्या बाजूचं आहे, पण ते तुमच्या कामाला कधी येतं, तर तुम्ही गोष्ट आधी सांगितलेली असेल आणि लेखी सांगितलेली असेल तर. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या ‘आधी’ आणि ‘लेखी’ भोवतीच आहे.

हे येतं कुठून

गुहागर तालुक्यात, अंजनवेलला, दाभोळ खाडीच्या तोंडाशी जो वीज प्रकल्प आहे त्याला आमच्याकडे आजही एन्रॉनच म्हणतात, नाव कितीदा बदललं तरी. त्या एन्रॉन कंपनीचं कोड ऑफ एथिक्स 64 पानांचं होतं, जुलै 2000 चं, अध्यक्ष केनेथ ले यांच्या सहीच्या पत्रासकट. आणि गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे ही, त्याच्या आदल्या वर्षी म्हणजे 1999 ला त्याच कंपनीच्या संचालक मंडळाने आपल्याच कोडमधला नियम बाजूला ठेवून त्यांचे फायनान्स प्रमुख अँड्र्यू फास्टो यांना स्वतःच्या भागीदारी संस्था चालवायची परवानगी दिली होती, ज्या संस्था एन्रॉनशीच व्यवहार करणार होत्या. म्हणजे विकणारा तोच, घेणाराही तोच. 2 डिसेंबर 2001 ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. (अंजनवेलचा प्लांट त्याआधीच वीजबिलाच्या वादात बंद पडला होता, तो विषय वेगळा.) आपल्याकडे 7 जानेवारी 2009 ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं, तिथेही सुंदर धोरणं कागदावर होतीच.

तर या अशा घोटाळ्यांनंतर कायदे कडक होत गेले. आज शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2015 च्या नियमांप्रमाणे संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी कोड ठेवावंच लागतं, त्यांनी दरवर्षी ते पाळल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि ते वेबसाईटवर टाकावं लागतं. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 177 प्रमाणे अशा कंपन्यांना तक्रारीची यंत्रणा पण ठेवावी लागते, व्हिजिल मेकॅनिझम म्हणतात तिला, आणि बाजारात नसलेली कंपनी असली तरी लोकांकडून ठेवी घेत असेल किंवा बँकांचं कर्ज 50 कोटींच्या वर असेल तर तिलाही हे लागू आहे. लोटे-महाडच्या बऱ्याच मोठ्या कंपन्या यात बसतात. म्हणजे तुमच्या हातातलं पुस्तक ही एचआरची हौस नाही.

पहिली पायरी: मिळवा आणि एका संध्याकाळी वाचा

सही केली असेल तरी हरकत नाही, कॉपी मागा. लाजू नका, एचआरला सरळ मेल टाका. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंद असलेली, कंपनी असेल तर वेबसाईटवर गुंतवणूकदारांच्या पानावर मिळेल, तिथे नाही दिसलं तर कंपनीचं नाव आणि कोड ऑफ कंडक्ट असं सर्च करा. आणि पानाच्या खाली तारीख किंवा आवृत्ती बघून ठेवा, कारण दर दोन-चार वर्षांनी बदलतं आणि भांडणाच्या वेळी विचारतात की त्या तारखेला कुठलं लागू होतं.

पहिली तीन-चार पानं मूल्यं, परंपरा, अध्यक्षांचा निरोप, ती सोडलीत तरी चालेल. पेन्सिल घ्या आणि चारच जागांवर खूण करा: भेटवस्तू, हितसंबंध (म्हणजे नात्यागोत्याचे व्यवहार), कंपनीची माहिती आणि रेकॉर्ड, आणि तक्रार कुठे करायची. प्रत्येक ठिकाणी बघा की कोणाला कळवायचं आणि किती दिवसांत. नाव किंवा हुद्दा, मेल आयडी, फोन हे वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा.

इंग्रजी जड जात असेल तर मराठी प्रत मागा, खरंच मागा. स्टँडिंग ऑर्डर्सच्या, म्हणजे कामगारांसाठीच्या नियमांच्या, 1946 च्या कायद्यातच होतं की त्या इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत गेटजवळ बोर्डावर लावायच्या. मग कोडबद्दल मराठी मागणं काही जगावेगळं नाही. आमच्याकडे आम्ही सहा जणांनी मिळून अर्ज दिला आणि तीन महिन्यांत मराठी प्रत आली.

आता स्टँडिंग ऑर्डर्स आणि कोड यात गोंधळ होतो म्हणून सांगतो. स्टँडिंग ऑर्डर्स कामगारांसाठी असतात, हजेरी, रजा, गैरवर्तन कशाला म्हणायचं, चौकशी कशी करायची, शिक्षा काय, हे सगळं त्यात. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि त्यात ही सक्ती 300 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी आहे. कोड मात्र एमडीपासून ट्रेनीपर्यंत सगळ्यांना. बऱ्याच कंपन्या ठेकेदार आणि सप्लायरकडूनही वेगळ्या कोडवर सही घेतात, तेव्हा तुम्ही ठेकेदाराच्या रोलवर असाल तरी तुम्हाला हे लागू नाही असं धरून चालू नका.

दुसरी: आंब्याची पेटी

कोकणात कोडमधलं सगळ्यात अवघड पान हेच. दिवाळीची मिठाई, डायरी, कॅलेंडर इथपर्यंत ठीक असतं, बहुतेक कंपन्या एक रकमेची मर्यादा घालतात, काही ठिकाणी काहीच घ्यायचं नाही असं असतं. पण एप्रिलमध्ये ट्रान्सपोर्टवाला पेटी घेऊन येतो आणि म्हणतो, “साहेब, विकतचे नाहीत, घरचे आंबे आहेत, नाही म्हणू नका.” आता घरचे आंबे परत करणं म्हणजे आपल्याकडे माणसाचा अपमान करण्यासारखं आहे, हे पुस्तक लिहिणाऱ्या मुंबईच्या वकिलाला माहीत नसतं.

माझ्या बाबतीत तर तो माझ्याकडे आलाच नाही, मी ड्युटीवर असताना त्याचा मुलगा पाच डझनाची पेटी घरी देऊन गेला, आणि मी संध्याकाळी घरी येतो तर बायकोने आतल्या खोलीत अढी पण लावली होती. सीझनची सुरवात, म्हणजे पेटीचा भाव हजारांत. त्याची बिलं माझ्या टेबलावरून जात होती. रात्रभर झोप नाही. सकाळी ते सगळे आंबे परत पेंढ्यात घालून पेटी कंपनीत नेली आणि साहेबांना मेल केला: काल माझ्या गैरहजेरीत अमुक ट्रान्सपोर्टरकडून घरी आंब्याची पेटी आली, ती मी ऑफिसला जमा करतोय, पुढे काय करायचं ते सांगा. पेटी कॅन्टीनला गेली, पिकल्यावर जेवणात सगळ्या शिफ्टला फोडी वाटल्या. ट्रान्सपोर्टवाल्याला मी स्वतः फोन केला आणि म्हटलं, “दादा, आंबे सगळ्यांनी खाल्ले, गोड होते, पण पुढच्या वेळी घरी पाठवू नका, माझी नोकरी आहे.” तो रागावला नाही. काही महिन्यांनी वाहतुकीच्या दरांबद्दल ऑडिट लागलं आणि पहिला प्रश्न होता पेट्या कोणाकोणाकडे गेल्या. माझ्याकडे दाखवायला मेल होता, दोघांकडे नव्हता, आणि त्यांनी बाकी काही चुकीचं केलं नसेलही, पण ते सिद्ध करायला त्यांना फार सोसावं लागलं.

म्हणून असं करा. ज्याचं बिल, टेंडर, रेट किंवा क्वालिटी तुमच्या सहीतून जाते त्याच्याकडून घरी काही घेऊ नका, घरच्यांना पण हे सीझनच्या आधीच सांगून ठेवा. आलंच तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कळवा. परत करता येत असेल तर परत, नसेल तर कंपनीत जमा. रोख, गिफ्ट कार्ड, मोबाईल रिचार्ज, मुंबईचं तिकीट, मुलाच्या मुंजीत पाकीट, हे कितीही छोट्या रकमेचं असलं तरी घ्यायचं नाही.

सरकारी ऑफिसात कामाला पाठवतात त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. 2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला, आता लाच देणं हाही थेट गुन्हा आहे, आणि जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तपास यंत्रणेला किंवा पोलिसांना कळवलं तरच बचाव आहे. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून दिले’ हे चालत नाही.

तिसरी: भावकी आणि ठेके

इथे प्रत्येक कंपनीत कोणाचा तरी मेव्हणा, साडू, चुलतभाऊ गाडी लावतो, लेबर पुरवतो, कॅन्टीन चालवतो. जमिनी गेल्या त्यांना ठेके मिळाले, त्यात काही गैर नाही आणि नातं असणं हाही गुन्हा नाही. गुन्हा कुठे होतो, तर नातं लपवून त्याच्या कागदावर सही करता तिथे. मी दोन्ही प्रकारची माणसं पाहिली, नातं सारखंच, फरक फक्त एका कागदाचा.

कागद असा लिहा, फार शब्द नकोत:

“विषय: नातेसंबंधाची माहिती. मी स्टोअर विभागात आहे. माझ्या पत्नीचा सख्खा भाऊ कंपनीला टेम्पो भाड्याने पुरवतो. त्याच्या ट्रिप शीटवर आणि चलानावर सध्या माझी सही होते. ही सही दुसऱ्या कोणाकडे द्यावी ही विनंती. याबाबत मी काय करायचं ते लेखी कळवावं.”

मेलने पाठवा आणि उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी त्याच मेलवर आठवण करा. आणि उत्तर येईपर्यंत त्या चलानावर स्वतः सही करू नका, बाजूच्या माणसाला करायला लावा. नवीन नातं जुळलं की पुन्हा कळवायचं, लग्न ठरलं, सून आली आणि तिच्या वडिलांची फर्म आपल्याकडे सप्लाय करते असं निघालं, हे होतं. आपला स्वतःचा जोडधंदा असेल, होमस्टे असेल, काजूचा व्यवसाय असेल तर तोही लिहून टाका. बहुतेक वेळा ‘हरकत नाही’ असंच उत्तर येतं.

चौथी: लॉगशीट आणि परमिट

पैशांच्या गोष्टींवर सगळे बोलतात, यावर कोणी बोलत नाही, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक कोडमध्ये एक वाक्य असतं की कंपनीचं रेकॉर्ड खरं आणि पूर्ण असलं पाहिजे. वाचताना वाटतं हे अकाउंटवाल्यांसाठी आहे. नाही. ते तुमच्या शिफ्टच्या लॉगशीटसाठी आहे.

व्हेसल एंट्रीचं परमिट, म्हणजे बंद टाकीत उतरायची लेखी परवानगी, डोळ्यासमोर आणा. आत माणूस उतरणार आहे, त्याआधी मीटरने ऑक्सिजन बघायचा आणि आकडा लिहायचा. साध्या हवेत तो 20.9 टक्के असतो हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून मीटर न लावताच 20.9 लिहिलं जातं, खाली सही, वर वेळ सकाळी 9.00. एकदा मी एकाच हस्ताक्षरात तीन परमिट पाहिली, तिन्हीवर 20.9 आणि तिन्हीवर 9.00, आणि तीन टाक्या प्लांटच्या तीन टोकांना. त्या दिवशी कोणाला काही झालं नाही. पण आत जाणारा ठेक्याचा पोरगा आमच्याच पलीकडच्या वाडीतला होता, आणि तो त्या सहीच्या भरवशावर आत उतरला होता.

तसंच ईटीपीचं, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटचं. लोट्याचं प्रक्रिया केलेलं पाणी शेवटी दाभोळ खाडीत जातं आणि खाडीकाठच्या मच्छीमारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालूच आहेत. पीएचचा (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा) आकडा कालचा बघून आज टाकला तर तो कोडचा भंग तर आहेच, पण त्याचा परिणाम वहीत राहत नाही.

करायचं काय? जी वेळ मीटर लावला तीच लिहा, उशीर झाला असेल तर उशिराची लिहा. रीडिंग घेतलं नसेल तर ‘घेतलं नाही’ असं लिहा आणि कारण टाका, मीटर बंद होता, माणूस नव्हता. पेन्सिल नको, व्हाइटनर नको, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा आणि सही. वरून कोणी म्हणालं “टाक रे नेहमीचं”, तर भांडू नका, शांतपणे म्हणा, “साहेब, मी आत्ता जाऊन घेतो, दहा मिनिटं लागतील.” यावर नाही म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही. भेटलाच तर पुढची सहावी पायरी वाचा.

पाचवी: मोबाईल आणि माहिती

थोडक्यात. प्लांटच्या आतले फोटो-व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकू नका, रेट, कस्टमरची नावं, रेसिपी बोलू नका, स्वतःच्या मेलवर फाईल पाठवू नका. लिस्टेड कंपनीत अकाउंट, प्लॅनिंग, आयटीला असाल तर तुम्ही ‘डेझिग्नेटेड पर्सन’, म्हणजे कंपनीची आतली माहिती हाताळणारे म्हणून नेमून दिलेले, आहात का ते विचारून घ्या. असाल तर तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर 48 तास होईपर्यंत त्या कंपनीच्या शेअरची खरेदी-विक्री तुम्हाला आणि जवळच्या कुटुंबाला बंद असते, बायकोच्या नावाने घेतले तरी तेच. पण एक लक्षात ठेवा, गुप्ततेचं कलम दाखवून कोणी तुम्हाला सरकारी चौकशीत खोटं बोलायला सांगू शकत नाही. फॅक्टरी इन्स्पेक्टर किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने विचारलं तर खरं सांगायचं.

सहावी: तक्रार कशी करायची

ही पायरी आपल्याकडे जास्त जड जाते. ज्याच्याबद्दल लिहायचं तो आपल्याच गावचा, शिमग्याला पालखी दोघांच्या दारात एकाच दिवशी येणार, त्याची आई आपल्या आईबरोबर भात लावायला असते. म्हणून मी सांगतो की माणसावर लिहू नका, कागदावर लिहा. ‘अमुक चोर आहे’ असं नाही, तर ‘या तारखेच्या या नंबरच्या चलानावर माल 40 ड्रम दाखवलाय, इन्वर्डला 36 उतरले, मी स्वतः मोजले, सोबत हे दोघे होते’. स्वतः पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, आणि ऐकलेलं असेल तर तसं लिहा. कागदाची झेरॉक्स बाहेर नेऊ नका, त्यावरून तुमच्यावरच कारवाई होऊ शकते, नुसता नंबर आणि तारीख वहीत टिपा, कागद काढून बघणं चौकशी करणाऱ्याचं काम आहे.

आधी थेट वरिष्ठ, तो त्यात नसेल तर. नाहीतर एथिक्स ऑफिसर किंवा हॉटलाईन, जी बऱ्याचदा बाहेरची एजन्सी चालवते. आणि कायद्याने खास प्रसंगी ऑडिट कमिटीच्या (हिशेबांवर लक्ष ठेवणारी संचालकांची समिती) अध्यक्षांकडे थेट जायची सोय ठेवलेली आहे. निनावी तक्रार काही कंपन्या घेतात, पण त्यात पुरावा जास्त नेमका लागतो कारण तुम्हाला परत प्रश्न विचारता येत नाही. मुद्दाम खोटी केली तर मात्र शिक्षा आहे.

तक्रारदाराला त्रास द्यायचा नाही अशी तरतूद कायद्यात आहे. त्रास मात्र कधी उघड नसतो, सलग नाईट शिफ्ट येतात, ओव्हरटाईम बंद होतो. अशा वेळी रोज एक ओळ लिहा, तारीख आणि काय झालं, आणि महिन्याने त्याच यंत्रणेकडे ती यादी पाठवा.

बायका-मुलींसाठी वेगळी आणि जास्त पक्की वाट आहे. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात, चौकशी 90 दिवसांत. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. पॅकिंगला, कॅन्टीनला ठेक्यावर असलेल्या ताईंनाही हे सगळं लागू आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून तुम्ही सांगा.

सातवी: नोटीस तुम्हालाच आली तर

घाबरून राजीनामा देऊ नका. “देऊन टाक, नाव खराब होणार नाही” असं प्रेमाने सांगणारे असतात, त्यांना एकच विचारा, हे लेखी देता का? नोटीस घ्या, घेतल्याची तारीख टाका, मुदतीत उत्तर द्या, वेळ कमी असेल तर वाढवून मागा. कोडमधलं कुठलं कलम मोडलं ते आणि त्याचे कागद मागा. चौकशीत सहकाऱ्याची मदत घ्यायची सोय असते का ते स्टँडिंग ऑर्डर्समध्ये बघा. कामगार असाल आणि सस्पेंड केलं तर पहिले 90 दिवस पगाराच्या निम्मा भत्ता आणि पुढे उशीर तुमच्यामुळे होत नसेल तर 75 टक्के, हा हक्क आहे. आणि चूक खरंच झाली असेल तर पहिल्याच उत्तरात कबूल करा, दुसऱ्या खोट्यात अडकणारे मी जास्त पाहिलेत.

शेवटचं, कागद कुठे ठेवायचे

कोडची प्रत, सहीचं पान, नातेसंबंधाचं पत्र, पेटीचा मेल, आलेली उत्तरं, जे तुमच्या स्वतःबद्दलचं आहे ते एका फाईलीत. 22 जुलै 2021 ला चिपळूणला पाणी भरलं तेव्हा माझ्या एका मित्राची सगळी फाईल खालच्या कपाटात होती, पंधरा वर्षांची, दुसऱ्या दिवशी नुसता चिखलाचा गोळा हातात आला. त्याचं प्रकरण तेव्हा चौकशीत होतं आणि त्याने तीन वर्षांपूर्वी दिलेलं पत्र सापडलं ते केवळ एचआरच्या जुन्या मेलबॉक्समध्ये होतं म्हणून. तेव्हा फाईल माळ्यावर ठेवा, प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, आणि एक प्रत चिपळुणात नको, वरच्या गावातल्या कोणाकडे तरी द्या.